दुखत नव्हतं

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. वाशी मार्केटात टोमॅटो उतरवून सकाळी दहाच्या सुमारास मी नारायणगावला घरी पोचलो. मोरीत हातपाय धुतले आणि पुढच्या खोलीत खाटेवर येऊन बसलो. बायको चहा घेऊन आली ती दारातच थांबली. मोरीपासून खाटेपर्यंत शहाबादी फरशीवर माझी ओली पावलं उमटली होती. उजव्या पायाची नुसती पाण्याची. डाव्या पायाच्या प्रत्येक ठशाला बाहेरच्या कडेनं तांबूस, चिकट पट्टा.

“अहो, पायाला काय लागलंय?”

“काही नाही. दुखत नाहीये.”

तिनं पाय उचलून मांडीवर घेतला. उकळत्या पाण्यात टाकलेल्या टोमॅटोची साल सुटते तशी करंगळीपासून पावलाच्या मध्यापर्यंतची कातडी सुटून आली होती. खाली लालभडक मांस. ती तोंडाला पदर लावून रडायला लागली आणि मी तिची समजूत घालत होतो, अगं, मला खरंच काही होत नाहीये. दुखत नाही ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट आहे, असं मला मनापासून वाटत होतं.

काय झालं होतं ते नंतर उलगडलं. आमच्या जुन्या टेंपोत इंजिनाचा काही भाग केबिनमध्येच येतो. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला त्याचं पत्र्याचं झाकण, त्यावर रेक्झिनची गादी. क्लच सोडला की डावा पाय आपसूक त्या झाकणाला जाऊन टेकतो. ती गादी महिनाभरापूर्वी खालच्या बाजूनं फाटली होती, शिवून घ्यायची राहून गेली होती. आमच्यातले बरेच जण करतात तसा मी चप्पल काढून अनवाणीच गाडी चालवायचो. त्या रात्री कल्याण-शीळ रस्त्यावर दीड तास गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर खेचत होतो. पत्रा तापलेला, माझं पाऊल त्याला टेकलेलं. माझा क्लीनर, एकोणीस वर्षांचा पोरगा, पाय वर घेऊन मांडी घालून बसला होता, कारण त्याला चटके बसत होते. मला बसले नाहीत.

शुगर मला २००९ पासून होती आणि ती आहे हे मला माहीत होतं. हे आधीच सांगतो. ‘कळलंच नाही हो’ असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो, ते खरं नाही. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. पाठीवर गळू झालं, ते महिना झाला तरी भरेना, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. उपाशीपोटी २१८, जेवणानंतर ३३०. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर असेल तर मधुमेह धरतात, तुमची कुठल्या कुठे गेलीय, असं त्यांनी कागदावर आकडे लिहून समजावलं. मेटफॉर्मिनची गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ. अडीच महिन्यांनी उपाशीपोटी १३२ आली. ती गोळीमुळे खाली आली होती. मी समजलो, आजार गेला. गोळ्या बंद केल्या.

मग मेथीचं पाणी झालं, कारल्याचा रस झाला, जांभळाच्या बियांची पूड झाली. सांगणाऱ्यांना मी दोष देत नाही, प्रत्येकानं जीव लावूनच सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. तेव्हा गाडी दुसऱ्याची होती. शुगरवाल्या ड्रायव्हरला मालक घाटातून रात्रीची गाडी देणार नाही ही धास्ती होती. २०१२ मध्ये कर्ज काढून स्वतःचा टेंपो घेतला, मग हप्त्याची धास्ती. तपासणीला जाणं म्हणजे आकडा कळणं, आणि आकडा कळला की काहीतरी करावं लागणार. म्हणून मी आकडाच कळू दिला नाही. पुढची सात वर्षं एकदाही रक्त तपासलं नाही.

शरीर मात्र सांगत होतं. आळेफाट्यापासून मुरबाडपर्यंत तीन-तीनदा गाडी थांबवून लघवीला उतरायचो. घशाला सारखी कोरड. झोप उडावी म्हणून थंड पेयाची बाटली शेजारीच ठेवलेली, तीच तहानेलाही प्यायची. वजन उतरलं, तर लोक म्हणाले, छान बारीक झालास.

२०१३ च्या आसपास पायांना मुंग्या यायला लागल्या. मग रात्रीची आग. दिवसा एवढं जाणवायचं नाही, पण अंथरुणाला पाठ टेकली की तळव्यांवर मिरची चोळल्यासारखं व्हायचं. थंडीतसुद्धा पाय गोधडीबाहेर. उठून मोरीच्या ओल्या फरशीवर उभा राहायचो तेव्हा जरा बरं वाटायचं. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आणि गिळायची, पाठीलाही तीच, पायालाही तीच. दोन-अडीच वर्षं असं चाललं.

आणि २०१६ मध्ये आग थांबली. हळूहळू कमी होत होत पूर्ण गेली. ओळखीतल्या एकानं दिलेली कसलीशी पावडर मी त्या काळात घेत होतो, गुण तिचाच आला असं मी धरलं आणि त्याच्या घरी पेढे नेऊन दिले. गेल्या काही वर्षांत मी स्वतःशी सगळ्यात जास्त वेळा जर काही आठवलं असेल तर ती पेढ्यांची पुडी. पायातल्या नसा ओरडत होत्या तोवर त्या जिवंत होत्या. त्या गप्प झाल्या आणि मी आनंद केला.

त्यानंतरच्या खुणा दुखणाऱ्या नव्हत्या, म्हणून त्या खुणा आहेत हेच कळलं नाही. पायातली चप्पल कधी निसटली ते कळायचं नाही, चार पावलं पुढे गेल्यावर मागून कुणीतरी हाक मारायचं. जमीन कापसाची असावी तसं चालताना वाटायचं. आणि एक गोष्ट मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. २०१८ च्या पावसाळ्यात माळशेज उतरताना मला वाटत होतं पाय ब्रेकवर आहे, आणि तो अर्धा ब्रेकच्या कडेला, अर्धा हवेत होता. धुक्यात समोरच्या गाडीचे लाल दिवे एकदम जवळ आले. पायाकडे बघून तो जागेवर आणला तेव्हा गाडी थांबली. मागे दोनशे क्रेट, शेजारी झोपलेलं कुणाचं तरी पोर. पायाचं मी माझं मी भोगतोय. त्या रात्रीचं मात्र आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

तर मेमधला तो भाजलेला पाय. हंगाम जोरात होता. हळद लावली, मलम लावलं, वर कापड गुंडाळलं आणि आणखी चार खेपा केल्या. दहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, पाय पोटरीपर्यंत सुजला, आणि वास यायला लागला. मुलीनं ऐकलं नाही, गाडी करून पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथली पहिली तपासणी माझ्या कायमची लक्षात राहिली. तरुण डॉक्टर बाई होत्या. म्हणाल्या, “काका, डोळे मिटा. पायाला काही लागलं की ‘हो’ म्हणा.” मी डोळे मिटून पडलो. बराच वेळ गेला. मला वाटलं त्या काहीतरी सामान शोधतायत. मी विचारलं, “मॅडम, सुरू करताय ना?” त्या म्हणाल्या, “झालं, काका.” त्यांच्या हातात माशाच्या गळाला असतो तसला एक नायलॉनचा धागा होता. दहा ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. तेवढाही दाब कळत नसेल तर पायाचं संरक्षण करणारी जाणीव गेली, असं समजतात. त्यांनी दोन्ही तळव्यांवर मिळून वीस ठिकाणी तो टेकवला होता. मी एकदाही ‘हो’ म्हटलं नव्हतं. मग पायाला थरथर कळते का ते मोजायचं यंत्र लावलं. ती कळायला २५ व्होल्टच्या पुढे जावं लागलं की धोका मोठा. माझ्या डाव्या अंगठ्याला ४२ पर्यंत काही कळलं नाही.

खाटेशेजारी बायको बसली होती. तिनं त्या नंतर मला एवढंच विचारलं, “मग इतकी वर्षं तुम्ही चालत कसे होतात?”

तीन महिन्यांची सरासरी शुगर, एचबीएवनसी म्हणतात ती, १२.४ आली. ती सातच्या आसपास हवी. एक्स-रेमध्ये करंगळीचं हाड जंतुसंसर्गानं खराब झालेलं दिसलं. पायाचा रक्तपुरवठा डॉप्लरवर चांगला निघाला, आणि त्यामुळेच पाऊल वाचेल असं डॉक्टर म्हणाले. करंगळी आणि शेजारचं बोट, त्यांच्या मागच्या हाडाच्या तुकड्यासकट काढली. कंबरेखाली बधिर केलं होतं. खरं तर पावलाला त्याची फारशी गरज नव्हती.

ऑपरेशन दोन तासांत झालं. जखम भरायला साडेपाच महिने लागले. लोक ‘बोट कापलं’ एवढंच विचारतात, त्या साडेपाच महिन्यांबद्दल कुणी विचारत नाही. जखम शिवलेली नव्हती, उघडीच ठेवली होती, तळापासून वर भरत यायला हवी म्हणून. एक दिवसाआड ड्रेसिंग. मेलेलं मांस कात्रीनं काढायचे तेव्हा मी बघत बसायचो, दुसऱ्या कुणाच्या पायाचं चाललंय असं. त्या काळात पाय जमिनीला टेकवायचाच नाही. हे जितकं सोपं वाटतं तितकंच अवघड आहे, कारण पाय दुखत असता तर तो आपोआपच टेकला नसता. दुखत नाही म्हणून माणूस मोरीपर्यंत चार पावलं टाकतो. मी दोनदा टाकली. दोन्ही वेळेला भरत आलेली जखम तळाशी फाटली आणि तीन-तीन आठवडे मागे गेलो. मग मुलीनं वॉकर खाटेला दोरीनं बांधून ठेवला आणि लघवीचं भांडं आणलं. शेवटी मांडीची कातडी काढून तिथं लावली. टेंपो त्या दिवाळीत विकला. दवाखान्याचं आणि हप्त्याचं देणं भागलं, हातात फार उरलं नाही.

इन्सुलिन म्हणजे शेवट, असं आमच्याकडे म्हणतात. मीही म्हणायचो. सुई टोचताना काही वाटत नाही, तो त्रास फार थोडा. त्रास आहे तो हिशेब ठेवण्याचा. घरी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात शुगर ३०० च्या वर जाऊन बसली आणि काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी तेच. मुलीनं एक दिवस सिरिंज आणि बाटली शेजारी ठेवून बघितली. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुतेक ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. दुकानातून आम्हाला मिळाली होती नारिंगी टोपणाची, १०० युनिटची. तिच्यावरच्या २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं की पोटात जायचं फक्त आठ युनिट. हेच उलटं झालं असतं, तर अडीचपट इन्सुलिन गेलं असतं. तेव्हापासून टोपणाचा रंग बघितल्याशिवाय मी सिरिंज हातात घेत नाही, आणि इन्सुलिन चालू असलेलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न हाच विचारतो.

शुगर खाली जाते तेही एकदा अनुभवलं. इन्सुलिन घेतलं, तेवढ्यात दारात माणसं आली, जेवण अर्धा तास लांबलं. घामानं सदरा भिजला, हात कापायला लागले, समोरचा माणूस काय बोलतोय ते कळेना. मोजली तर ५२. बायकोनं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, मग जेवायला बसवलं. आता पाहुणे आले तरी माझं ताट वेळेला मांडलं जातं. ते बसतात समोर.

डोळ्यांचं मला काहीच माहीत नव्हतं. पायासाठी दाखल असतानाच डोळ्यात थेंब घालून पडदा तपासला. शुगर निघाल्यापासून दरवर्षी करायची ती तपासणी माझी दहा वर्षांनी पहिल्यांदा झाली. दिसायला मला नीट दिसत होतं, निदान माझी तशी समजूत होती. पडद्यावर ठिकठिकाणी रक्ताचे ठिपके, आणि नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटायला लागलेल्या. दोन्ही डोळ्यांना लेझर केलं. बऱ्याच वर्षांची वाढलेली शुगर भराभर खाली आणली की डोळे आधी काही काळ बिघडू शकतात, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून २०२१ च्या मार्चमध्ये उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले, आणि दुपारपर्यंत पाण्यात शाई सोडावी तसं सगळं गढूळ झालं, तेव्हा मी त्याच दिवशी गाडी धरली. हे एवढं तरी मी वेळेवर केलं. डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की ऐकणारा अंग चोरतो. बधिर करणारे थेंब घालतात, पापण्या चिमट्यानं उघड्या ठेवतात, क्षणभर दाब जाणवतो, झालं. तीन महिन्यांत तीन घेतली. रक्त बरंचसं विरलं. पण रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा आता मला फुटलेल्या काचेसारखा दिसतो. ज्या रस्त्यावर मी वीस वर्षं रात्री काढल्या त्या रस्त्यावर मी आता दिवसाही स्टिअरिंग धरत नाही. कुणी मनाई करायची वाट बघितली नाही.

किडनीचं २०२२ मध्ये कळलं. लघवीतून प्रथिनं जात होती, ३० च्या आत हवं ते प्रमाण ३४० होतं, रक्तातलं क्रिएटिनिनही वाढून १.६ झालं होतं. सूज नाही, लघवीची तक्रार नाही, काहीच नाही. रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद. इतकी वर्षं मेडिकलमधून आणून पाठीसाठी, पायासाठी ज्या गिळल्या, त्यांनीही किडनीवर भार टाकला होता. डायलिसिस आज नाही. कधी, किंवा लागेल का, हे दर तीन महिन्यांचा कागद सांगेल. नवराबायकोच्या नात्यातलं जे गेलं ते तर त्याच्याही आधी गेलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघं बरीच वर्षं एकमेकांशी बोललो नाही, दोघांनीही आपलंच काहीतरी चुकलंय असं धरलं. एक दिवस डॉक्टरांनी ते शुगरमुळे होतं असं सरळ सांगितलं. घरी येताना एसटीत ती माझ्या हातावर हात ठेवून बसली होती.

मी डॉक्टरांना एकदा विचारलं होतं, आता मी इतकं पाळतोय, शुगर सातवर आणलीय, मग हे थांबत का नाही? त्यांनी मला ब्रिटनमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, यूकेपीडीएस नावाचा. १९७७ पासून पाच हजारांहून जास्त, नुकताच मधुमेह निघालेली माणसं त्यात घेतली होती. १९९८ मध्ये निष्कर्ष आले, शुगर कडक आवरलेल्यांच्या डोळ्यांना आणि किडन्यांना कमी इजा झाली होती. पुढे त्याच माणसांवर आणखी दहा वर्षं लक्ष ठेवलं. दोन्ही गटांची शुगर नंतर वर्षभरातच सारखी झाली, तरी ज्यांनी सुरुवातीला आवरली होती त्यांना तिचा फायदा दहा वर्षांनीही मिळत होता. शरीर पहिली वर्षं लक्षात ठेवतं, असं डॉक्टर म्हणाले. माझी पहिली वर्षं म्हणजे २००९ ते २०१९. आताच्या पाळण्यानं पुढची पडझड हळू होते, त्यासाठी मी पाळतो. पण ती दहा वर्षं मला कुणी परत देऊ शकत नाही हे ऐकून मी त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून होतो.

आता रोजचं असं असतं. पाय धुवायच्या पाण्यात आधी कोपर घालून बघायचं, पायावर भरवसा नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळव्याला खोबरेल, बेचक्यांत नाही. नखं मी कापत नाही, मुलगी कापते, सरळ रेषेत. चप्पल एमसीआर नावाच्या मऊ रबराची, पुण्यात मापानं करून घेतलेली, मागे पट्टा, डाव्या पायात गेलेल्या दोन बोटांच्या जागी भरणा. घरातही तीच. घालण्याआधी आत हात फिरवायचा. गेल्या वर्षी आत एक खिळ्याएवढा स्क्रू निघाला, आदल्या दिवशी मी संध्याकाळभर त्याच्यावर चाललो असणार, नशीब की टोक खाली होतं. ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला जातो तो अगदी सकाळी, फरशी तापायच्या आत, जाड मोजे घालून. पुजाऱ्यांना पाय दाखवला तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही मोजे घालूनच या.”

मार्केटात आता क्रेटची नोंद ठेवायला बसतो. मोठ्या अक्षरांत लिहितो, भिंग लावून वाचतो. नव्या पोरांपैकी कुणी शुगर निघाल्याचं बोललं की मी त्याला बाकावर बसवतो आणि चप्पल काढायला लावतो. डोळे मिट म्हणतो आणि बोटांच्या टोकांना हलकेच बोट लावून विचारतो, कुठलं? हे दवाखान्यातल्या तपासणीची जागा घेत नाही, पण चार जणांत एखादा चुकतो. त्याला मी सोडत नाही. दुसऱ्या दिवशी रक्त तपासल्याचा कागद घेऊन ये, तरच माझ्याकडे चहा. माझा तो क्लीनर आता स्वतःची गाडी चालवतो. त्याच्या इंजिनावरची गादी मी दर महिन्याला जाऊन बघतो.

रात्रीच्या जेवणानंतर बायको जमिनीवर आरसा ठेवते आणि मी खाटेवरून पाय त्याच्यावर धरतो. मला नीट दिसत नाही, म्हणून तिची नजर. आधी डावा, मग उजवा, टाच, कडा, बेचक्या. वहीत तारीख आणि शेरा. गेल्या चार महिन्यांत रोज ‘ठीक’ लिहिलंय.

काल उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला तिला ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिसला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. अंगठ्यानं दाबलं.

“दुखतंय?”

“नाही.”

ती उठली आणि मुलीला फोन लावला, उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला जायचंय म्हणून. मी वही पुढे ओढून तारीख लिहिली.